रदरग्लेन : काकवीसारखी वाईन, थुंकायची बादली आणि अण्णांच्या बाहीतली काडी

गोदाकाठ
नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला. यंदा आई-अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे मेलबर्नला आले होते. अण्णांची निफाड तालुक्यात द्राक्षाची बाग आहे. मार्चात माल गेला, एप्रिलची खरड छाटणी उरकली, बाग भावाच्या हवाली केली आणि जुलैत ही दोघं इकडे आली. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या आत परतायचं, हे तिकीट काढतानाच ठरलेलं.

पहिले दोन आठवडे नेहमीचं दाखवून झालं. ग्रेट ओशन रोडवर अण्णा म्हणाले, "छान आहे." पेंग्विन बघून म्हणाले, "छान आहे." शहरातल्या उंच इमारतीच्या ८८व्या मजल्यावरूनही "छान आहे". ज्यांना असे वडील आहेत त्यांना कळेल, याचा अर्थ काय होतो ते.

मग नवऱ्याने सुचवलं, रदरग्लेनला नेऊ या. आईने लगेच नाक मुरडलं. आमच्याकडे घरात बाटली येत नाही. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "बाग आहे ना तिथं? मग चला."

रदरग्लेन व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, मरे नदीच्या अलीकडे आहे. मेलबर्नपासून साधारण २८० किमी, ह्यूम फ्रीवेने तीन तास. वाटेत ग्लेनरोवनला चहा घेतला. १८८० मध्ये नेड केली हा दरोडेखोर लोखंडी चिलखत घालून पोलिसांशी शेवटचं लढला, ते हे गाव. रस्त्याच्या कडेला त्याचा अवाढव्य पुतळा आहे. आईने विचारलं, "दरोडेखोराचा पुतळा?" मी रॉबिनहूड वगैरे समजावलं, पण तिला काही ते पटलं नाही.

गाव म्हणजे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं. १८६० मध्ये इथे सोनं सापडलं आणि रातोरात तंबू पडले, स्कॉटलंडमधल्या गावाचं नाव मिळालं. सोनं संपलं, द्राक्षं राहिली. एकच मोठा रस्ता, त्याला नावही मेन स्ट्रीट. दोन्ही बाजूंना जुनी दुकानं, त्यांच्यापुढे फुटपाथवर पत्र्याचे व्हरांडे. या टोकाकडून त्या टोकाला चालत जायला दहा मिनिटं पुरतात, आम्हाला दीड तास लागला. कारण आई प्रत्येक जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरली आणि पितळी पातेली उलटीपालटी करून "आपल्याकडे याहून जड असतात" असा शेरा मारून बाहेर पडली. गावाची जुनी पाण्याची टाकी आहे, तिच्यावर जाळीचा सांगाडा चढवून तिची प्रचंड बाटली केली आहे. अण्णा बराच वेळ वर बघत होते. म्हणाले, "टाकीत पाणीच होतं ना?"

जुलै म्हणजे तिकडे ऐन थंडी. सकाळी धुकं आणि गवतावर दहिवर गोठलेलं. झाडांना एक पान नाही. फोटोवाल्यांना हा मोसम आवडत नाही, पण अण्णांना याहून चांगला मोसम मिळाला नसता, कारण सगळीकडे छाटणी चालू होती.

पहिल्या वायनरीत गेलो. गाव सोडलं की पाच मिनिटांत बागा सुरू होतात. इथे याला सेलर डोअर म्हणतात, म्हणजे वायनरीच्या दारातलंच चव बघायचं दुकान. पुढे लाकडी फळी, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये काळी पडलेली पिंपं आणि सगळीकडे मनुका उकळल्यासारखा वास. फळीवर एक स्टीलची बादली. चव घ्यायची आणि तिच्यात थुंकायचं. अण्णांनी कानात विचारलं, "एवढी महागाची वस्तू थुंकायची? मग पिकवायची कशाला?"

इथली खासियत म्हणजे मस्कॅट. नेहमीची लाल-पांढरी वाईन नव्हे. ब्राउन मस्कॅट नावाची द्राक्षं वेलीवरच सुरकुतेपर्यंत ठेवतात. रस आंबायला लागला, की मध्येच त्यात द्राक्षांपासून काढलेलं कडक मद्य घालतात. आंबणं तिथेच थांबतं, साखर तशीच राहते. मग जुन्या पिंपांत, तापणाऱ्या पत्र्याखाली, वर्षानुवर्षं. उन्हाळ्यात पाणी उडत जातं आणि आतला माल घट्ट होत जातो. चार पायऱ्या आहेत : नुसती रदरग्लेन, मग क्लासिक, ग्रँड आणि रेअर. पहिलीचं सरासरी वय ३ ते ५ वर्षं, रेअरचं २० च्या पुढे. रेअरमध्ये लिटरला २७० ते ४०० ग्रॅम साखर असते!

मी रेअरचा थेंबभर ग्लास घेतला. ग्लास तिरका केला, तर ती काचेला चिकटून हळूहळू उतरत होती. रंग कॉफीचा, कडेला किंचित हिरवट. आईने वास घेतला आणि तिचं नाक जागेवर आलं. म्हणाली, "अगं, ही तर काकवी!" अण्णांनी बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं (हो, आमच्या घराण्याच्या इतिहासात नोंद व्हावी) आणि म्हणाले, "काकवी नाही. जळका बेदाणा."

आता खरी गोष्ट. मी पैसे देत होते तेवढ्यात अण्णा दिसेनात. खिडकीतून पाहिलं तर मफलर गुंडाळून थेट बागेत! ओळीच्या मध्ये उकिडवे बसून खोड चाचपत होते. मी हाक मारायच्या आत फळीमागच्या बाई धावत सुटल्या. हातवारे करत, "सर, सर, प्लीज!"

मला वाटलं, आता अपमान होणार. तसं काही झालं नाही, पण त्या बाईंचा चेहरा गंभीर होता. कारण ऐकलं आणि मलाच लाज वाटली. बागेच्या फाटकावर पाटी होती, मी ती वाचलीच नव्हती. या भागात फायलोक्सेरा आहे. मुळांवर जगणारा, डोळ्याला जेमतेम दिसणारा पिवळा किडा. अमेरिकेतून बोटीने आलेल्या रोपांबरोबर तो युरोपात पोचला आणि १८६० नंतर त्याने फ्रान्सच्या बागा उठवल्या. व्हिक्टोरियात तो १८७७ मध्ये जिलाँगजवळ सापडला आणि रदरग्लेनला १८९९ मध्ये. त्याच्यावर औषध नाही. एकदा जमिनीत शिरला की शिरला. आणि तो पसरतो कशाने, तर बुटाला लागलेल्या मातीने. अण्णांच्या बुटांना निफाडच्या काळ्या रानासारखा दीड इंच चिखल लागला होता.

बाईंनी त्यांना पायरीवर बसवलं, ब्रशने चिखल काढायला लावला आणि मग बूट क्लोरिनच्या पाण्याच्या ट्रेमध्ये उभे केले. अण्णा मोज्यांवर बसलेले, लहान मुलासारखे. पण गप्प बसतील तर शेतकरी कसले! मला म्हणाले, "विचार यांना, खुंट कोणता?" (खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम करतात तो वेल.)

आणि पुढचा तास मी दुभाषी. अण्णा सांगत होते, आमच्याकडे डॉगरीज खुंटावर कलम, क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण म्हणून. बाई सांगत होत्या, आमच्याकडेही अमेरिकन खुंटच, पण तो या किड्यापुढे टिकतो म्हणून. शिवाय मरेच्या वाळूच्या पट्ट्यात रॅम्सी वापरतात आणि रॅम्सी म्हणजे डॉगरीजचा सख्खा भाऊ, दोघं एकाच रानटी अमेरिकन वेलीच्या जातीतले. हे कळल्यावर अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू परदेशात भावकी निघाली.

मग अण्णांनी विचारलं, वर्षात छाटण्या किती? एक. त्यांचा विश्वास बसेना. आपल्याकडे एप्रिलला काडी तयार करायला खरड आणि ऑक्टोबरला मालासाठी गोडी. इथे थंडीतच वेल झोपतो, त्यामुळे एकदाच छाटायचं. "म्हणजे निम्मी मजुरी!" अण्णांच्या तोंडून आलं. बाईंना भाषांतर करून सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, मजूर मिळाले तर ना.

निघताना अण्णा दारात थांबले. स्वेटरच्या बाहीतून हळूच एक छाटलेली काडी काढली, चांगली वीतभर, चार डोळ्यांची, आणि काही न बोलता फळीवर ठेवली. बाईंनीही काही न बोलता ती उचलली आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते. प्रश्न असतील तर विचारा.

मेलबर्नकर
वा वा, मस्त लिहिलंयस. तो बाहीतल्या काडीचा प्रसंग वाचून माझे आजोबा आठवले. पाहुण्यांकडे गेले की खिशात कसलं तरी बी घेऊन यायचे.

थोडी भर. जूनच्या लाँग वीकएंडला तिथे वायनरी वॉकअबाऊट नावाचा वाईनचा उत्सव असतो. तरुण मंडळी बसेस भरभरून येतात. वडीलधाऱ्यांना घेऊन त्या दिवसांत चुकूनही जाऊ नका. राहायला जागा मिळत नाही आणि सेलर डोअरला बोलायला कुणाला वेळ नसतो. तुम्हाला जो तास मिळाला तो आडवारी गेल्यामुळे.

दुसरं म्हणजे ड्युरिफ. ही लाल वाईन इथली दुसरी ओळख. ड्युरिफ नावाच्या फ्रेंच माणसाच्या नावाची जात, फ्रान्समध्ये कुणी विचारत नाही, पण १९०८ मध्ये फ्रान्स्वा द कास्तेला या सरकारी द्राक्षतज्ज्ञाने ती रदरग्लेनला आणली, फायलोक्सेरानंतर बागा पुन्हा उभ्या करायच्या म्हणून. शाईसारखी काळी असते. दात निळे होतात, फोटो आधी काढून घ्या.

कडू_कारलं
दारूचं कौतुक किती करायचं याला काही मर्यादा? "काकवी" म्हटलं की दारू सात्त्विक होत नाही. साडेसतरा-अठरा टक्के अल्कोहोल आहे त्यात. बाकी लेख बरा आहे.

उंडगा
@कडू_कारलं, अहो लेखातल्या दोन ज्येष्ठ नागरिकांनी मिळून एक वास आणि एक बोट एवढंच सेवन केलंय. हे प्रमाण शासनमान्य असावं.

गोदाकाठ
@कडू_कारलं, टक्केवारी बरोबर आहे तुमची आणि मुद्दाही. म्हणूनच लिहिते : गाडी चालवणाऱ्याने बादली वापरली तरी चव घेऊ नये. इथे रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोलची मर्यादा, पी-प्लेटवाल्या नवख्या चालकांना शून्य. रस्त्यात कुठेही थांबवून फुंकायला लावतात. व्हिक्टोरियात हे १९७६ पासून चालू आहे. आमच्यात नवरा पूर्ण कोरडा होता आणि त्याने त्याचा सूड 'पाय' (इंग्रजी pie, मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला) खाऊन घेतला. मेन स्ट्रीटवर पार्कर पाइज म्हणून दुकान आहे, तिथली रांग बघूनच कळतं. आई-अण्णांसाठी भाज्यांचा घेतला. आईच्या मते आत मसाला कमी आणि वर मैदा जास्त, पण सगळा संपला.

बेदाणा
मी तासगावचा. नावावरून कळलंच असेल. 🙂 एक शंका आहे. वेलीवर सुरकुतवतात म्हणता, तर पक्षी, पाऊस, बुरशी यांचं काय? आमच्याकडे थॉमसन आणि माणिक चमन जातीची द्राक्षं काढून पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतो आणि शेडमध्ये जाळ्यांवर पसरतो. पंधरा दिवसांत बेदाणा तयार. तेवढ्यात एक अवकाळी आला तरी झोप उडते. हे लोक उघड्यावर महिना-महिना कसे ठेवतात?

गोदाकाठ
@बेदाणा, हाच प्रश्न अण्णांनी विचारला होता, शब्दशः! उत्तर : मार्च-एप्रिलमध्ये तिथे कोरडा, उबदार शरद असतो, दिवस तापतात, रात्री थंड. म्हणूनच हा माल याच पट्ट्यात जमतो. पक्ष्यांसाठी जाळ्या. आणि पूर्ण बेदाणा होऊ देत नाहीत, अर्धवट सुरकुतला की काढतात, कारण शेवटी रस निघायला हवा. ज्या वर्षी शरदात पाऊस लागतो त्या वर्षी त्यांचीही झोप उडते, असं बाई म्हणाल्या. अण्णांना ते ऐकून बरं वाटल्याचं स्पष्ट दिसलं.

सह्याद्रीवारा
लेख आवडला, पण वाचताना एक गोष्ट खटकत राहिली, तिकडची नव्हे, इकडची. आपल्याकडे २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. नाशिकच्या वायनऱ्यांत आज शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते. पण ती गर्दी विंचूर गावात उतरते का? माझं सासर तिकडचं. गाडी हायवेवरून थेट रिसॉर्टच्या फाटकात, तिथे सेल्फी, पिझ्झा आणि परत. गावातल्या चहावाल्याला त्यातला रुपया दिसत नाही. आणि ज्याच्या द्राक्षाची ती वाईन, तो शेतकरी फाटकाच्या आत पाहुणा म्हणूनही जात नाही. तुमच्या लेखात मला आवडलं ते म्हणजे मेन स्ट्रीट. वाईन प्यायला आलेला माणूस तिथे पाव घेतो, पाय खातो, जुनं पातेलं बघतो.

कडू_कारलं
@सह्याद्रीवारा, यावेळी सहमत. तारीख लिहून ठेवा.

गोदाकाठ
@सह्याद्रीवारा, अगदी. फक्त एक तफावत : तिथल्या बऱ्याच वायनऱ्या दीडशे वर्षांच्या, काही तर एकाच घराण्यात चार-पाच पिढ्या. मॉरिस १८५९ ची, ऑल सेंट्स १८६४ ची, कॅम्पबेल्स १८७० ची. म्हणजे सोनं, किडा, मंदी, दोन महायुद्धं सगळं बघून उरलेल्या. गाव आणि बाग एकत्रच म्हातारे झाले. आपल्याकडे अजून एक पिढीसुद्धा पुरती झालेली नाही. तरीही तुमचा मुद्दा खोडता येत नाही. अण्णांनी आयुष्यभर द्राक्ष पिकवलं आणि त्यांना पहिल्यांदा कुणी "तुम्ही कसं करता?" विचारलं ते रदरग्लेनमध्ये, पायात बूट नसताना.

चिंच_गूळ
आमच्याकडे गाडी नाही (विद्यार्थी, दुसरं काय). जमेल का? आणि अजून काय बघायचं?

गोदाकाठ
@चिंच_गूळ, रेल्वेने वांगारट्टापर्यंत आणि पुढे बस. पण शहरासारखी दर अर्ध्या तासाने नाही, वेळापत्रक बघूनच निघ. तिथे सायकल भाड्याने घेतलीस तर मजा आहे. जुना रेल्वेमार्ग उखडून त्याचा सायकलरस्ता केलाय, रदरग्लेनहून वाहगुन्यापर्यंत, दहा-एक किमी, अगदी सपाट. चढ नाही म्हणजे पुणेकरांनाही जमेल.

वाहगुन्याला ऑल सेंट्स आहे. दुतर्फा एल्मची झाडं, त्यांच्या टोकाला विटांचा किल्लाच. संस्थापकांनी स्कॉटलंडच्या मे किल्ल्यावरून तो बांधला. मला किल्ल्यापेक्षा मागच्या बाजूची जागा लक्षात राहिली. तिथे चिनी मजुरांची राहायची खोली जपून ठेवली आहे. सोन्यासाठी आलेले, मग बागेत राबले. आईने तेवढ्याच ठिकाणी हात जोडले. विचारलं तर म्हणाली, "कुणाची तरी पोरंच ना."

तिथून नदी ओलांडली की करोवा, न्यू साउथ वेल्स. इथे १८९३ मध्ये परिषद भरली आणि ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी एकत्र यावं या चळवळीला जोर आला. त्याचं कारणही या पुलावर उभं राहिलं की समजतं. तेव्हा नदीच्या दोन्ही तीरांवर वेगवेगळ्या वसाहतींचे जकातदार बसायचे, अलीकडची वाईन पलीकडे विकायची तर कर! आणि एक गंमत : सीमा नदीच्या मधोमध नाही, व्हिक्टोरियाच्या बाजूच्या काठावर आहे. सगळी मरे न्यू साउथ वेल्सची. व्हिक्टोरियाच्या काठावर बसून गळ टाकलास तरी परवाना त्यांचा लागतो. हे ऐकून अण्णा म्हणाले, "बांधावरून भांडणारे आपणच असं वाटायचं मला."

मेलबर्नकर
चिल्टर्न राहिलं की! हायवे सोडून रदरग्लेनकडे वळताना लागतं. तिथे १८६७ मध्ये लावलेला एक प्रचंड द्राक्षवेल आहे, काकांनी बघायला हवा होता.

गोदाकाठ
बघितला! परत येताना. अण्णा त्या खोडाला हात लावणार होते, मग स्वतःच हात मागे घेतला आणि खिशात घातला.

उंडगा
एक बारीकसा प्रश्न. ते क्लोरिनमध्ये उभे केलेले बूट वाळले का?

गोदाकाठ
वाळले, पण पांढरे डाग पडले. घरी आल्यावर मी दुसरे आणू या म्हटलं, तर नको म्हणाले. निघायच्या दिवशी बॅगा भरताना बघते तर बूट गॅलरीत तसेच, वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेले. अण्णा चपला घालून विमानतळावर आले, बाहेर सात डिग्री. आईने विचारलं तर म्हणाले, "ते इथंच राहू दे. पुढच्या वेळी घालीन. आपल्या रानात ती माती नको."